विश्वासात भर घालताना: ख्रिस्ती शीलाच्या वाढीसाठी नवविश्वासीयांना काही पायऱ्या

ज्यांनी नुकताच बाप्तिस्मा किंवा दृढीकरण घेतले आहे, अथवा जे ख्रिस्ती घरात लहानाचे मोठे होऊनही आता प्रथमच आपल्या विश्वासाकडे गांभीर्याने पाहू लागले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उपासनेला यावे, प्रभुभोजनात सहभागी व्हावे, दान द्यावे, हे त्यांना कोणी ना कोणी सांगितलेले असते; परंतु घरी गेल्यावर तोच राग, तोच हेवा आणि तीच जीभ सोबत असते, तिचे काय करावे याचे उत्तर सहसा ‘वचन वाचा, प्रार्थना करा’ एवढ्यावर उरकले जाते. हे उत्तर चुकीचे नाही, पण नवख्या माणसाच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही. म्हणून पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील पहिल्या अध्यायाची ३ ते ११ ही वचने समोर ठेवून, कोठून सुरुवात करावी आणि रोज नेमके काय करावे, ते येथे क्रमाने मांडले आहे.

सांगणारा कोण आहे हे आधी ध्यानात घ्यावे. हा पेत्र गालीलाच्या समुद्रावरचा कोळी. प्रभूला अटक झाली त्या रात्री ‘मी या माणसाला ओळखत नाही’ असे तीनदा सांगणारा. आणि पुढे प्रेषित म्हणून मान मिळाल्यावरही अंत्युखियात लोकभयाने परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, बंधूंच्या पंक्तीतून उठून गेलेला, ज्याबद्दल पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. तो प्रसंग गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात वाचायला मिळतो. आपला अंतकाळ जवळ आला आहे, हे या पत्रात तो स्वतःच सांगतो. तेव्हा शीलाच्या वाढीविषयी बोलणारा हा माणूस एका रात्रीत साधू झालेला नाही, आणि त्याचा सल्ला उंचावरून दिलेला उपदेश म्हणून वाचण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: प्रयत्नाची जागा ओळखणे

ही नऊ वचने एका बैठकीत, मोठ्याने, सावकाश दोनतीनदा वाचावीत. वाचताना त्यांचा क्रम पाहावा. तिसऱ्या व चौथ्या वचनात, जीवनासाठी आणि सुभक्तीसाठी लागणारे सर्व काही देवाने आपल्याला त्याच्या ओळखीच्या द्वारे आधीच दिले आहे आणि आपल्याला दैवी स्वभावाचे वाटेकरी होण्यासाठी बोलावले आहे, असे म्हटले आहे. त्यानंतर, पाचव्या वचनात, ‘याच कारणास्तव’ होईल तितका प्रयत्न करा, ही आज्ञा येते. मग विश्वासात सात्त्विकता, सात्त्विकतेत ज्ञान, पुढे इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि शेवटी प्रीती, अशी भर घालण्याची यादी येते. आपल्यापैकी बहुतेक जण थेट त्या यादीवर उडी मारतात, आणि तेथेच गाडे अडते.

देणे आधी आणि प्रयत्न नंतर, हा क्रम उलटा झाला की दोनपैकी एक गोष्ट घडते. काही जण चांगल्या वागणुकीचा हिशेब ठेवू लागतात. आठवडाभर राग आला नाही, दशमांश दिला, म्हणजे आता देव आपल्यावर प्रसन्न असेल, असे त्यांना वाटते. आपल्याकडे पुण्य साठवण्याची कल्पना घराघरांत इतकी मुरलेली आहे की बाप्तिस्म्यानंतरही ती वेश बदलून मनात टिकून राहते. लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून नेमकी हीच वही वाचून दाखवत होता. दुसरीकडे काही जण, सर्व कृपेने होते तेव्हा आपण कशाला धडपडायचे, असे म्हणून हात बांधून बसतात. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिताना दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात ठेवल्या: तुम्ही भीत व कापत आपले तारण साधून घ्या, कारण तुमच्या ठायी इच्छा व कृती उत्पन्न करणारा देव आहे. प्रयत्न करायचा तो देवाने स्वीकारावे म्हणून नव्हे, तर त्याने स्वीकारले आहे म्हणून. आणि तो आळसाने करायचा नाही.

यासाठी एक साधी सवय उपयोगी पडते. सकाळी कोणताही निश्चय करण्यापूर्वी, देवाने ख्रिस्तात आपल्यासाठी केलेल्या एका गोष्टीबद्दल शब्दांत उपकार मानावेत: क्षमा, दत्तकपण, पवित्र आत्म्याचे दान, यांपैकी एक. ही नुसती चांगली सुरुवात म्हणून सांगितलेली बाब नव्हे. नवव्या वचनात पेत्र न वाढणाऱ्या माणसाचे निदान करतो, तेव्हा तो त्याला दुबळा किंवा हट्टी म्हणत नाही. आपल्या पूर्वीच्या पापांपासून आपण शुद्ध झालो याचा त्याला विसर पडला आहे, असे तो म्हणतो. वाढ खुंटण्याचे मूळ त्याने विसरण्यात पाहिले आहे, म्हणून उपायही आठवण्यापासून सुरू होतो.

दुसरी पायरी: देवाची ओळख करून घेणे

या वचनांत ‘ओळख’ आणि ‘ज्ञान’ हे पुन्हा पुन्हा येतात. येथे माहिती आणि ओळख यांतला फरक नीट समजून घेणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी पंडिता रमाबाईंइतके बोलके उदाहरण मराठी माणसाला दुसरे सापडणार नाही. संस्कृत विद्येत वाढलेल्या या विदुषीने १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे आपल्याला काही वर्षांनी उमगले, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत स्वच्छ लिहून ठेवले. धर्ममते त्यांना ठाऊक होती, वादविवादाची शक्ती होती, समाजकार्य चालू होते. तरीही ओळख व्हायची राहिली होती. त्यांच्यासारख्या बुद्धिमान स्त्रीला जर हा टप्पा पार करावा लागला, तर नवविश्वासीयाने ‘मला अजून काही जाणवत नाही’ म्हणून निराश होण्याचे कारण नाही. मात्र मते पाठ आहेत म्हणून समाधान मानून घेण्याचेही कारण नाही.

वाचनाची सुरुवात मार्ककृत शुभवर्तमानापासून करावी, असा माझा आग्रह आहे. त्याचे अध्याय सोळाच आहेत, रोज एक घेतला तर तीन आठवड्यांच्या आत ते पूर्ण होते, आणि त्यात येशू सतत काहीतरी करताना दिसतो, त्यामुळे त्याचा स्वभाव कृतीतून कळतो. उत्पत्तीपासून सुरुवात करणारे बरेच जण लेवीयापाशी थांबतात, आणि प्रकटीकरणापासून सुरुवात करणारे भलत्याच तर्कवितर्कांत अडकतात. मार्क संपल्यावर फिलिप्पैकरांस पत्र आणि याकोबाचे पत्र घ्यावे. सोबत रोज एक स्तोत्र वाचावे. स्तोत्रे दीडशे आहेत, तेव्हा हा साठा पाच महिने पुरतो. बायबल सोसायटीच्या जुन्या भाषांतराची मराठी जड वाटत असेल, तर सोप्या मराठीतील एखादे भाषांतर शेजारी ठेवून दोन्ही मिळून वाचावे. परंतु उपासनेत जे वाचले जाते त्याचाही कानाला सराव असू द्यावा.

वाचावे कसे, ते एका उताऱ्यावर दाखवतो. मार्कच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो आणि म्हणतो, आपली इच्छा असेल तर मला शुद्ध करण्यास आपण समर्थ आहात. त्याला सामर्थ्याविषयी शंका नाही, इच्छेविषयी आहे. येशूला कळवळा येतो, तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि ‘माझी इच्छा आहे’ असे म्हणतो. स्पर्श आधी होतो आणि रोग त्यानंतर जातो, हा क्रम वाचताना सुटू देऊ नये. ज्याला कोणी शिवत नव्हते त्याला तो तसाच असताना येशू शिवला. आता वहीत तीन गोष्टी लिहाव्यात. देव कसा आहे हे यातून काय कळले? तो अशुद्धाला दूर ढकलत नाही. माझ्या मनातील कोणती समजूत याच्या विरुद्ध जाते? मी आधी सुधारेन, मग प्रार्थना करीन, ही. आज मी काय करणार? ज्या गोष्टीची लाज वाटते ती लपवून न ठेवता, तशीच प्रार्थनेत मांडणार. वीस मिनिटांत एवढे सहज होते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. मोबाईलवर रोज दोन दोन तास प्रवचने ऐकणारे, पण एक अध्याय स्वतः न वाचलेले विश्वासी आता मंडळ्यांमध्ये वाढत आहेत. प्रवचन ऐकणे चांगले; तथापि दुसऱ्याच्या ओळखीवर आपली ओळख होत नाही. शिवाय पडद्यावरील वक्त्याचे घरातील वागणे आपल्याला दिसत नाही, आपल्या पाळकांचे दिसते, आणि शीलाच्या बाबतीत हा फरक लहान नाही.

आठवड्याला एक वचन पाठ करावे. ज्यांना लोकलने किंवा एसटीने रोज प्रवास करावा लागतो त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावे. पाठांतराचा उपयोग परीक्षेसाठी नसून मोहाच्या क्षणी होतो, कारण त्या क्षणी शास्त्र उघडायला सवड मिळत नाही.

तिसरी पायरी: एका वेळी एकच गुण घेणे

यादीतील सात गुणांवर एकदम काम सुरू करणारा माणूस पंधरवड्यात थकतो. त्यामुळे यादी पाळकांसोबत किंवा एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासी व्यक्तीसोबत वाचावी आणि पुढील एक महिन्यासाठी एकच गुण निवडावा. हा क्रम शिडीसारखा नाही, म्हणजे एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवता येत नाही असे नाही. तरी तो निरर्थकही नाही. ज्ञानाशिवाय केलेले इंद्रियदमन कोरडा कर्मठपणा होऊन बसते, आणि धीराशिवाय केलेले इंद्रियदमन उपवासकाळाचे चाळीस दिवस संपताच संपते.

सात्त्विकता म्हणजे जे योग्य ते करण्याचे नैतिक बळ. तिची परीक्षा कोणी पाहत नसताना होते, एवढे येथे पुरे. तिच्या पाठोपाठ येणारे ज्ञान हे विवेकाचे आहे: काय बोलावे, कोठे थांबावे, कोणाच्या भांडणात पडू नये. त्यासाठी नीतिसूत्रांचे पुस्तक महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक अध्याय वाचण्याची जुनी पद्धत फार सोयीची आहे, कारण त्याचे अध्याय एकतीस आहेत.

इंद्रियदमनावर जरा थांबावे लागेल, कारण नवविश्वासीयांची सर्वांत जास्त दमछाक येथे होते. ‘मी रागावणार नाही’ हा निश्चय टिकत नाही, कारण तो कोणत्याच वेळेला आणि कोणत्याच माणसाला धरून केलेला नसतो. त्याऐवजी आठवडाभर फक्त निरीक्षण करावे आणि लिहावे: राग केव्हा आला, कोणावर आला, त्याआधी काय घडले होते, तोंडातून पहिले वाक्य कोणते निघाले. बहुतेकांना असे आढळते की राग दिवसभर पसरलेला नसून ठराविक जागी साचलेला असतो. उदाहरणार्थ, संध्याकाळी कामावरून आल्यावरची पहिली वीस मिनिटे, किंवा मुलांचा अभ्यास घेण्याची वेळ. एवढे कळल्यावर निश्चय नेमका करता येतो: घरात शिरल्यावर हातपाय धुऊन पाणी पिईपर्यंत मी कोणाला काही विचारणार नाही, आणि दाराबाहेर उभा राहून एक वाक्याची प्रार्थना केल्याशिवाय कडी वाजवणार नाही. हे फार क्षुल्लक वाटेल, पण पेत्र ज्याला प्रयत्न म्हणतो तो घरात असाच दिसतो.

मोहाच्या बाबतीत शास्त्राचा सल्ला बहुधा लढण्याचा नसून पळण्याचा आहे. उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात योसेफ पोटीफराच्या बायकोशी तत्त्वचर्चा करीत बसला नाही. आपले वस्त्र तिच्या हाती सोडून तो बाहेर पळाला. रात्री मोबाईल उशाशी ठेवून मन शुद्ध राहावे अशी प्रार्थना करण्यापेक्षा मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून प्रार्थना करणे अधिक प्रामाणिक आहे. दारू किंवा इतर नशेचे व्यसन जडलेले असेल, तर केवळ निश्चय आणि प्रार्थना यांवर ते सोडून देऊ नये. तो आजारही आहे. एकाएकी दारू बंद केल्याने शरीराला धोका होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, पुण्यातील मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्राची किंवा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांची मदत घ्यावी. अशी मदत घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

धीर हा गुण नवविश्वासीयाला बहुधा स्वतःच्या घरातच शिकावा लागतो, विशेषतः बाकीचे कुटुंब त्याच्या विश्वासात नसेल तर. आईवडिलांशी वाद जिंकण्याची घाई करू नये. सणावारी एखाद्या विधीत आपण का सहभागी होत नाही हे शांतपणे, एकदाच आणि आदराने सांगावे, आणि त्या दिवशी घरातील कष्टाच्या कामाला मात्र सर्वांच्या आधी हात लावावा. आपला मुलगा ख्रिस्ती झाल्यापासून उलट उत्तरे देईनासा झाला, हे आईच्या लक्षात यायला वेळ लागतो. तो जाऊ द्यावा. नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळे सांगावे लागत नाही: एप्रिलची खरड छाटणी झाली की त्या हंगामात काड्याच वाढतात, द्राक्षाचा घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर लागतो, पण एप्रिलचे काम ज्याने टाळले त्याची ऑक्टोबरची छाटणी व्यर्थ जाते. तथापि धीर म्हणजे मारहाण सोसणे नव्हे. घरात हिंसा होत असेल, तर ‘सहन कर, हा तुझा वधस्तंभ आहे’ असा सल्ला देणारा शास्त्राचा गैरवापर करतो. अशा वेळी सुरक्षित जागी जावे आणि कायद्याची मदत घ्यावी.

सुभक्तीसाठी ठराविक वेळ हवी. दानीएल दिवसातून तीनदा, खिडक्या उघड्या ठेवून, नेहमीप्रमाणे प्रार्थना करीत असे, आणि ‘नेहमीप्रमाणे’ ही बाब येथे महत्त्वाची आहे, कारण बंदी आल्यावर त्याने नवे काही सुरू केले नाही. आपल्याकडील ख्रिस्ती घरांतील संध्याकाळची कौटुंबिक उपासना ही जुनी, चांगली रीत आता दूरदर्शन मालिकांच्या वेळापत्रकात हरवत चालली आहे. ती पुन्हा सुरू करताना पंधरा मिनिटांच्या पुढे नेऊ नये. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील एक गीत, एक लहान शास्त्रपाठ, आणि घरातील लहानातल्या लहान मुलानेही केलेली एक ओळीची प्रार्थना, एवढे पुरते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीते त्यासाठी विशेष योग्य आहेत, कारण त्यांची चाल आणि भाषा दोन्ही आपल्या मातीतील आहेत आणि अभंगाच्या वळणाने ती लवकर तोंडी बसतात.

बंधुप्रेमाच्या बाबतीत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. अंत्युखियात पेत्र जेथे घसरला ती जागा जेवणाची पंगत होती, आणि आपलीही कसोटी तेथेच लागते. कोणाचे पूर्वज कोणत्या जातीतून आले, कोणाचे घराणे मिशनच्या काळापासूनचे आणि कोण कालपरवा आलेले, कोणाच्या मुलीचे लग्न कोठे जमू शकत नाही, ही कुजबुज आपल्या मंडळ्यांमध्ये आजही चालते. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण येथे धीर देणारे आहे. त्यांच्या पतीने, म्हणजे वर उल्लेखिलेल्या नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्यांच्यासोबत नव्हत्या. पुढे एकत्र राहू लागल्यावरही सोवळेओवळे त्यांनी काही काळ कसोशीने पाळले, आणि माणसांनी केलेले हे भेद देवाचे नाहीत हे पटल्यावरच ते सुटले. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. खोलवर रुजलेल्या सवयी अशाच, वेळ घेऊन, पण खरोखर सुटतात. यासाठी करायची कृती साधी आहे: ज्या कुटुंबाच्या घरी आपण कधीही चहा घेतलेला नाही अशा, आपल्याच मंडळीतील एका कुटुंबाकडे या महिन्यात जावे, आणि पुढच्या महिन्यात त्यांना आपल्या घरी जेवायला बोलवावे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या निवडणुकीत आपल्या विरुद्ध मत दिलेल्या माणसाचे घर त्यासाठी निवडले तर अधिकच उत्तम.

शेवटची प्रीती ही मंडळीच्या भिंतीबाहेर जाते. वर उल्लेखिलेल्या रमाबाईंनी सोळा वर्षांच्या आसपासच्या वयात दुष्काळामुळे आईवडील गमावले होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तेथे स्वतः गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना व विधवांना त्यांनी आपल्याकडे आणले. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच वाढले. त्या मुलींपैकी कोणाशीही त्यांचे नाते नव्हते. नवविश्वासीयाला एवढा आवाका असणार नाही. त्याने शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाचे बँकेचे काम करून द्यावे, आणि ते करताना बदल्यात आपल्या धर्माची पत्रिका हातात कोंबू नये.

चौथी पायरी: शनिवारची रात्र आणि एक सोबती

रविवारच्या उपासनेची तयारी शनिवारी रात्री करावी. अर्धा तास वही उघडून त्या महिन्याच्या गुणापुरते पाहावे: कोठे जमले, कोठे घसरलो, पुढच्या आठवड्यात नेमके काय करणार. एका वहीचे पान साधारण असे असू शकते: ‘बुधवारी कार्यालयात गैरहजर सहकाऱ्याविषयी बोलणे निघाले. मीही दोन वाक्ये घातली. सुरुवात मी केली नव्हती, पण थांबवलेही नाही. सोमवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तसा विषय निघाला तर मी डबा घेऊन उठेन. त्या सहकाऱ्याच्या कामाविषयी एक खरी चांगली गोष्ट साहेबांसमोर सांगेन.’ गुण देऊ नयेत, टक्केवारी काढू नये, कारण त्यातून पुन्हा परूश्याची वही तयार होते.

एकट्याने हे फार काळ चालत नाही. आपल्याच लिंगाची, आपल्यापेक्षा विश्वासात जुनी आणि तोंडाने घट्ट अशी एक व्यक्ती सोबती म्हणून निवडावी आणि महिन्यातून दोनदा भेटावे. सोबत्याने तीनच प्रश्न विचारावेत: देवाविषयी नवीन काय कळले, कोणत्या निश्चयावर टिकलात, आणि काय लपवावेसे वाटते आहे? भेट प्रार्थनेने संपवावी. यात काही धोकेही आहेत, ते सांगितलेच पाहिजेत. आपल्या कबुलीचा वापर करून आपल्यावर हुकमत गाजवू पाहणारा, ‘मला दर्शन झाले आहे’ म्हणून लग्न, नोकरी किंवा पैशाविषयी आदेश देणारा, अथवा आशीर्वादासाठी पैसे मागणारा माणूस कितीही आत्मिक वाटला तरी सोबती होऊ शकत नाही. तसेच मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या पापाची प्रार्थना-विनंती टाकू नये. ती सकाळपर्यंत तालुक्यात पोचते.

पाचवी पायरी: पडल्यावर काय करावे

पडणार, हे धरूनच चालावे. पडल्यावरचा पहिला तास महत्त्वाचा असतो, कारण त्या तासात माणूस एक तर देवाकडे जातो किंवा स्वतःचे समर्थन शोधू लागतो. आधी देवाजवळ पापाचे नाव घेऊन कबुली द्यावी; ‘काही चुकले असेल तर क्षमा कर’ ही कबुली होत नाही. मग ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे जावे. क्षमा मागताना ‘पण’ हा शब्द वाक्यात येऊ देऊ नये: ‘मी तुमच्याविषयी खोटे बोललो, ते चुकीचे होते, मला क्षमा करा,’ इतकेच म्हणावे आणि समोरच्याने लगेच क्षमा करावी असा हट्ट धरू नये. नुकसान पैशाचे असेल तर परतफेड करावी. जक्कय जकातदाराने ज्यांना फसवले होते त्यांना चौपट परत देण्याचे सर्वांसमोर जाहीर केले. त्याचा पश्चात्ताप शेजाऱ्यांना कळला तो असा.

पेत्राला पुन्हा उभे करताना प्रभूने काय केले, ते योहानाच्या एकविसाव्या अध्यायात वाचावे. तिबिर्याच्या किनाऱ्यावर, कोळशाच्या विस्तवाशेजारी, न्याहारी झाल्यावर, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय’ हे त्याला तीनदा विचारले गेले, आणि प्रत्येक वेळी उत्तरानंतर काम सोपवले गेले: माझी मेंढरे चार, माझी मेंढरे पाळ. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला, असेही तेथे नमूद आहे. पापाची आठवण पुसली गेली नाही. तिच्यातूनच त्याला कामावर परत घेतले गेले. त्यामुळे पडल्यानंतर मंडळीतील आपली लहानशी सेवा, मग ती खुर्च्या मांडण्याची असो की शब्बाथशाळेत मुलांना शिकवण्याची, पाळकांशी बोलल्याशिवाय आपणच लाजेने सोडून देऊ नये.

पहिल्या तीन महिन्यांचा आराखडा

पहिल्या महिन्यात कोणताही गुण निवडू नये. मार्ककृत शुभवर्तमान वाचावे, सकाळची उपकारस्तुती रुळवावी, आणि पेत्राच्या पत्रातील ही नऊ वचने रोज एकदा वाचून महिनाअखेर पाठ करावीत. याच काळात सोबती शोधावा आणि पाळकांना आपला हेतू सांगावा. दुसऱ्या महिन्यात एक गुण घेऊन पहिला आठवडा केवळ निरीक्षणाला द्यावा, उरलेल्या आठवड्यांत एकच नेमका निश्चय पाळावा, आणि शनिवारची वही सुरू करावी. तिसऱ्या महिन्यात तोच गुण पुढे चालवावा. बदलण्याची घाई करू नये. महिन्याच्या शेवटी घरातील एका माणसाला विचारावे की त्याला आपल्यात काही फरक दिसतो का, आणि तो जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्यावे. त्याने ‘नाही’ म्हटले तर त्याच गुणावर आणखी एक महिना घालवावा. ‘थोडासा’ म्हटले, तर पुढचा गुण निवडण्यासाठी सोबत्याशी बोलावे आणि वाचनात योहानकृत शुभवर्तमान घ्यावे.